कूलरच्या मागे

मे महिना. पारा सेहेचाळीस.
मानेवाडा रोडवरच्या आमच्या घरात
मधल्या खोलीपलीकडे नेट पोहोचत नाही.
नातीचा चेहरा पुण्याहून निघतो
आणि माझ्या फोनमध्ये तोंड उघडं ठेवून थांबतो.
हे म्हणतात, कंपनीच चोर आहे.
दुधापासून विजेपर्यंत हे असंच म्हणतात.

मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली.
डोक्याला हेडसेट, हातात दोऱ्या,
"नागपूर बोलतेय. काटोल द्या. हॅलो, काटोल?"
लाइन लागली की कान काढून घ्यायचा.
कुणी शिकवलं नव्हतं, सगळ्याजणी पाळायचो.
मी एकदा नाही पाळलं. ते असो.

तर केबलवाल्यांकडून ठवऱ्यांचा प्रणय आला.
उभ्या-उभ्या दोन ग्लास पाणी प्यायला, मग म्हणाला,
"काकू, राउटर कुठं ठेवून राहिले तुम्ही?"
कूलरच्या मागे.
प्लग तिथे होता, म्हणून तिथे.
"पत्र्याची टाकी, त्यात साठ लिटर पाणी!
त्याच्यातून कसं निघन ते?"
हे पेपर वाचत राहिले.
होळी झाल्यापासून आम्ही स्वतःला गार करत होतो
आणि आमच्याच दारात आमचीच हाक अडवत होतो.

त्याने ते उचलून कपाटावर ठेवलं,
सासऱ्यांच्या फोटोशेजारी,
एक अँटेना सरळ, एक जरा कलती.
"आख्खी गल्ली सहा नंबरच्या चॅनलवर आहे," म्हणाला,
"सगळे एकमेकांवर बोलून राहिले."
क्रॉस कनेक्शन, मी म्हटलं.
त्याला तो शब्द माहीत नव्हता.
मला खूप दिवसांनी काहीतरी माहीत होतं.

मग त्याने यादी उघडली. कोण कोण जोडलंय.
माझा फोन, ह्यांचा, टीव्ही, जुना टॅब.
आणि पाचवं, नाव नाही,
नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं.
रोज रात्री नऊनंतर.
पासवर्ड होता एक ते आठ, ओळीने.
राउटरच्या आतला तर कारखान्यातून आला तोच,
म्हणजे किल्ली कुलपालाच लटकलेली.
दोन्ही बदलले. मागचं ते बटणही बंद करवलं,
जे दाबलं की कुणीही आत येतं.
नवा पासवर्ड मी ठरवला.
तो इथे लिहिणार नाही.

रात्री नात हलली, हसली, मध्येच शिंकलीसुद्धा.
मी मात्र खिडकीत.
समोर नव्या स्कीमचं बांधकाम आहे,
तिथला चौकीदार कोमलप्रसाद, बालाघाटकडचा,
रोज आमच्या कंपाउंडला टेकून बसतो.
आज "हॅलो, हॅलो" ऐकू आलं नाही.
आधी तरी येत होतं का?
तुटलेली लाइन मला पाठीमागूनही कळायची,
आता खात्री देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रणयला फोन करून विचारलं,
पाहुण्यांसाठी वेगळं काढता येतं का, घरातलं न दिसणारं.
येतं म्हणाला. दहा मिनिटं लागली, दोनदा चुकले.
विजेच्या बिलामागे पासवर्ड लिहिला, ठळक,
आणि चप्पल घालून खाली गेले.

कोमलप्रसादने चिठ्ठी उलटसुलट पाहिली.
खिशातून फोन काढून दाखवला.
बटणांचा. दोन आकडे झिजून पुसलेले.
"ह्याच्यात नाही चालत बाई."

मग पाचवं कोण होतं?
वरच्या गच्चीवरचं, शेजारच्या चिमोटेंचं,
की आमचाच कुठल्या कप्प्यात विसरलेला फोन,
मी अजून शोधलेलं नाही.

चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला,
तर तो म्हणाला, राहू द्या.
दिवाळीत पोरगा येणार आहे, त्याच्याकडे मोठा आहे.
घडी केली, आणखी एक घडी केली,
आणि चुन्याच्या डबीखाली ठेवली.

वर आले. कूलरचं पाणी संपलं होतं.